रात्री दुरुस्त केलेली चूक

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे. नातू अकरा वर्षांचा आणि नात नऊ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी दोघांनी 'आजोबा, आम्हाला संगणकावरचा खेळ बनवायला शिकवा' असा हट्ट धरला. मी आधी स्वतः स्क्रॅच ही मुलांसाठीची संगणकभाषा शिकलो आणि मग दर रविवारी दोन तास त्यांना शिकवू लागलो. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप म्हणजे काय, अट म्हणजे काय, असे क्रमाने घेतले आणि व्याख्या वहीत लिहून घेतल्या. नात सध्या वरून पडणारे तारे टोपलीत झेलण्याचा छोटा खेळ करते आहे, पण तो सारखा अडतो आणि ती रडकुंडीला येते. म्हणून मुले झोपली की रात्री बसून मी तिच्या चुका दुरुस्त करून ठेवतो. नातवाला मात्र तो स्वतः खेळतो तसा मोटारींच्या शर्यतीचा भव्य खेळच हवा आहे. व्हिडिओ पाहून तो कोड जसाच्या तसा उतरवतो आणि अडला की सोडून देतो. गेल्या दोन रविवारी दोघांनीही काही ना काही सबब सांगून शिकवणी टाळली. माझे काय चुकते आहे? सरळ पायथॉन ह्या टाइप करून लिहायच्या संगणकभाषेपासून सुरुवात करायला हवी होती का?

उत्तर : आदरणीय आजोबा, सप्रेम नमस्कार.

नातवंडांसाठी आपण ह्या वयात एक नवी विद्या आधी स्वतः शिकलात, ह्याचे मला मनापासून कौतुक वाटते. आता पुढे जे लिहिणार आहे त्यातले काही आपल्याला बोचेल, म्हणून हे आधी सांगितले.

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, तो आधी हातावेगळा करते. पायथॉनपासून सुरुवात करायला नको होती, आपण निवडलेले साधन योग्यच आहे. स्क्रॅच २००७ साली सर्वांसाठी खुले झाले. अमेरिकेतल्या एमआयटी ह्या तंत्रशिक्षणसंस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते ८ ते १६ वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून तयार केले, तेव्हा आपली दोन्ही नातवंडे त्यात बसतात. त्यातल्या आज्ञा ठोकळ्यांसारख्या एकमेकींत अडकवायच्या असल्यामुळे स्पेलिंग चुकले, एखादे चिन्ह राहिले, म्हणून काही अडत नाही. पायथॉनमध्ये ओळीच्या शेवटचा विसर्गासारखा दिसणारा कोलन राहिला किंवा ओळ समासापासून हवी तितकी आत सरकवली नाही, तर पडद्यावर काही दिसण्याआधीच इंग्रजीतला त्रुटीचा संदेश समोर येतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला तो संदेश म्हणजे 'तुला येत नाही' असे कोणी ओरडल्यासारखा वाटतो. स्क्रॅचमध्ये ज्या चुका उरतात त्या लिहिण्याच्या नसतात, विचाराच्या असतात, आणि आपल्याला शिकवायचे आहे ते तेवढेच आहे. तीन-चार खेळ पूर्ण झाल्यावर नातू एक दिवस स्वतःच कुरकुर करेल, की एवढे ठोकळे ओढत बसण्यापेक्षा टाइप केलेले बरे. पायथॉन त्या दिवशी काढावे. तोवर घाई नको.

आता व्याख्यांविषयी. आपण वर्गात वर्षानुवर्षे व्याख्या, मग सोडवलेले उदाहरण, मग उदाहरणसंग्रह ह्या क्रमाने शिकवले असणार, आणि पाठ्यपुस्तकासाठी तो क्रम ठीक आहे. खेळ बनवताना मात्र तो उलटा करावा लागतो. नातीने तीन तारे झेलले. ते तीनच झेलले, हे संगणकाने कुठे लिहून ठेवायचे? तिला हा प्रश्न पडू द्यावा. ती म्हणेल, 'एक डबा हवा, त्यात आकडा टाकायचा.' मग सांगावे की त्या डब्यालाच व्हेरिएबल म्हणतात, आणि ह्या डब्याचे नाव आपण 'गुण' ठेवू. पाच मिनिटांत हे होते आणि वहीत लिहून घ्यावे लागत नाही. गरज पडण्याआधी हाती आलेली व्याख्या मुले पाठ करतात, कारण ती आज्ञाधारक असतात. पण पुढच्या रविवारी त्यांना सबब सापडते, कारण ती मुलेही असतात. लूप आणि अट ह्यांचेही असेच करावे. जी गोष्ट अजून खेळात लागलेली नाही, तिचे नावही काढू नये.

परंतु व्याख्यांमुळे मुले फार तर कंटाळली असती, पळाली नसती. ती पळाली, निदान नात तरी पळाली, ती आपण रात्री करता त्या कामामुळे, असे मला वाटते.

ह्या चुकीतून मी स्वतः गेले आहे. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाचा खेळ महिनाभर अडून बसला होता. त्याचे हिरमुसलेले तोंड पाहवेना, म्हणून एका संध्याकाळी तो घरी गेल्यावर मी वीस मिनिटांत सगळे ठाकठीक करून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने खेळ सुरू केला, तो नीट चालला. त्याने दोन-तीनदा खेळून पाहिले आणि लॅपटॉप मिटला. आवडला नाही का, असे विचारल्यावर तो म्हणाला, 'चांगला आहे, पण तो आता बाईंचा आहे.' त्याने नंतर त्या खेळाला हात लावला नाही. मी त्याचा त्रास वाचवला, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी त्याच्या हातातला मोहरा उचलून त्याची चाल खेळले होते, आणि वर तो डाव त्याला जिंकून दिला होता.

नात सकाळी उठते तेव्हा तिला काय दिसते, ते पाहा. काल जिथे अडले होते ते आज आपोआप चालते आहे. का अडले होते, ते तिला कळलेले नाही. कसे सुटले, तेही कळलेले नाही. तिला एवढेच कळते की मी केले की मोडते आणि आजोबांनी केले की चालते. पुढच्या वेळी अडल्यावर ती विचार कशाला करेल? ती रडकुंडीला येऊन रात्रीची वाट पाहील.

खेळ नेमका कुठे अडतो ते आपण लिहिलेले नाही. पण तारे झेलण्याचा खेळ मी इतक्या मुलांबरोबर केला आहे की अडण्याच्या जागा आता पाठ झाल्या आहेत. पहिली जागा अशी, की तारा टोपलीला लागतो तरी गुण वाढतच नाही. मुलीने अट बरोबर लिहिलेली असते: टोपलीला स्पर्श झाला तर गुण एकाने वाढव. फक्त ती 'सतत करत राहा' ह्या ठोकळ्याच्या बाहेर राहिलेली असते. त्यामुळे खेळ सुरू करणारा हिरवा झेंडा दाबल्या दाबल्या संगणक एकदाच पाहतो, त्या क्षणी तारा वर आभाळात असतो, उत्तर 'नाही' येते आणि तो पुन्हा कधी पाहतच नाही. माणसाला 'तारा पडला की सांग' म्हटले तर तो लक्ष ठेवून बसतो. संगणकाला 'लक्ष ठेव' हेही वेगळे सांगावे लागते. मोठ्यांनाही हे चटकन पटत नाही.

ती अट त्या ठोकळ्याच्या, म्हणजे लूपच्या, आत गेली की लगेच दुसरी जागा येते. आता एक तारा झेलला की गुण एकदम बारा-पंधराने उड्या मारतात. मुलांना आधी फार आनंद होतो आणि हे चूक आहे हे मान्य करायला ती तयार नसतात, तेव्हा आपणही तो आनंद थोडा वेळ चालू द्यावा. कारण असे, की स्क्रॅचमधला लूप सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या मारतो. तारा टोपलीतून खाली जाईपर्यंत जितक्या फेऱ्या होतात, तितक्या वेळा उत्तर 'हो, स्पर्श आहे' असेच येते आणि तितके गुण वाढतात. झेलल्याबरोबर ताऱ्याला पुन्हा वर पाठवले की प्रश्न सुटतो. पण हे आपण सांगू नये. 'एक तारा झेलल्यावर तो कुठे जायला हवा?' एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे, आजोबा, ह्या साऱ्या उद्योगातले सर्वांत अवघड काम आहे. मला अजूनही ते दर वेळी जमत नाही.

तिसरी जागा मी जरा सविस्तर सांगते, कारण ती खास आपल्यासाठी आहे. स्क्रॅचचा रंगमंच ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असतो आणि आरंभबिंदू बरोबर मध्यभागी असतो. म्हणजे उंची दाखवणारा वाय हा आकडा वर १८० पासून खाली उणे १८० पर्यंत जातो. नऊ वर्षांच्या मुलीला ऋण संख्या शाळेत बहुधा अजून भेटलेल्या नसतात. येथे त्या तारा खाली उतरताना सहज भेटतात आणि त्यांचे तिला काहीच वाटत नाही. तर, माझ्याकडच्या एका मुलीने असाच खेळ केला होता. तारा १८० पासून निघायचा, दर फेरीला पाच एकक खाली यायचा, आणि तिने अट घातली होती की वाय बरोबर उणे १८० झाला, की पुन्हा वर जा. हे छान चालत होते. ३६० एककांचे अंतर, प्रत्येक पाऊल पाचाचे, म्हणजे ७२ पावले आणि साधारण २.४ सेकंद. मग तिला वाटले की खेळ फार सोपा झाला, म्हणून तिने पाचाच्या जागी सात केले. पहिला तारा खाली आला आणि परत वर गेलाच नाही. खालच्या कडेला जाऊन अडकला, त्याचे वरचे टोक तेवढे दिसत राहिले.

तिने आधी तारा बदलून पाहिला. मग त्याचा रंग बदलला. मग संगणक बिघडला आहे, असे जाहीर केले. मी तिला कागद दिला आणि म्हटले, 'तू तारा हो आणि कुठे कुठे पोचतेस ते लिही.' ती लिहू लागली: १८०, १७३, १६६, १५९. वजाबाकी करता करता मध्ये दोनदा चुकली, पुन्हा मागे गेली. शून्याच्या अलीकडे ५ आले आणि पलीकडे उणे २, तिथे ती जराशी थबकली. पण लिहीत राहिली. उणे १७०. उणे १७७. उणे १८४. मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि जवळजवळ ओरडली, 'हा त्याच्यावरून उडी मारून गेला!'

३६० ला ५ ने भाग जातो, ७ ने जात नाही, हे आपल्याला वाचताक्षणी दिसले असेल. तिला ते पन्नास वजाबाक्या करून दिसले. तिने 'बरोबर'च्या जागी 'पेक्षा कमी' असा ठोकळा लावला. मग मी काही न सुचवता तिने वेग आठ करून पाहिला, अकरा करून पाहिला, आणि मला येऊन सांगितले की दहाला जुनी अटही चालली असती, नऊलाही चालली असती, पण अकराला नाही. विभाज्यता तिला ह्यापूर्वी शिकवली गेलीच असणार. पण ताऱ्याचे अडकणे हे तिचे स्वतःचे दुखणे होते. ती रात्री झोपल्यावर मी तिथे 'पेक्षा कमी' लावून ठेवले असते, तर ह्यातले काय झाले असते?

सेमूर पॅपर्ट हे नाव कदाचित आपल्या वाचनात आले असेल. त्यांनी सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. स्क्रॅच ही त्याच परंपरेतली. संगणकाने मुलाला शिकवायचे नाही, मुलाने संगणकाला शिकवायचे, अशी त्यांची भूमिका होती, आणि त्यात चूक ही लाजेची गोष्ट नसून अभ्यासाची वस्तू होती. शाळेत उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. कोड मात्र बहुतेक वेळा 'अजून चालत नाही' ह्या मधल्या अवस्थेत असतो, आणि तिथे न घाबरता राहता येणे ही शिकायची गोष्ट आहे. नात रडकुंडीला येते, ह्याचे कारण तिला ही अवस्था नापास होण्यासारखी वाटते. आणि मला असे वाटते (राग मानू नये) की आपल्यालाही ती तशीच वाटते. नाहीतर रात्री उठून लाल पेन घेण्याची गरज आपल्याला भासली नसती.

प्रत्यक्ष बसताना एक नियम पाळून पाहावा. माउसला आणि कीबोर्डला आपण हात लावायचा नाही, काही झाले तरी नाही. हात आवरत नसतील तर मांडीवर वही घेऊन बसावे. अडल्यावर तिला आधी विचारावे की तुला काय व्हायला हवे होते. मग, प्रत्यक्षात काय झाले? बहुतेक मुले ह्या दोन प्रश्नांत फरक करत नाहीत. 'चालत नाही' एवढेच म्हणतात. ते 'तारा खाली आला पण वर गेला नाही' असे पूर्ण वाक्यात सांगता आले, की अर्धे काम तिथेच होते. त्यानंतर, कुठपर्यंत नीट चालले होते, हे पाहावे, आणि शेवटी कोणता ठोकळा बदलला ते आठवावे. ह्यासाठी एक सवय लावावी: खेळ जेव्हा जेव्हा नीट चालेल, तेव्हा तेव्हा त्याची प्रत 'तारे १', 'तारे २' अशी वेगळ्या नावाने ठेवायची. मग मोडण्याची भीती उरत नाही, कारण परत जायला जागा असते.

आणखी एक युक्ती, जिला संगणक लागतच नाही. कागदावर रंगमंच आखावा, पुठ्ठ्याचा तारा आणि टोपली कापावी. नातीने आज्ञा द्यायच्या आणि आपण संगणक व्हायचे. ती म्हणेल, 'तारा खाली घ्या.' आपण तो खाली घ्यावा आणि थांबावे. किती खाली, हे तिने सांगितलेले नाही. ती म्हणेल, 'पाच.' आपण पाच घ्यावा आणि पुन्हा थांबावे. 'अहो आजोबा, घेत राहा ना!' लूप तो हाच. संगणकाची भूमिका करताना आपण अगदी मठ्ठ व्हायला हवे. मनकवडेपणा अजिबात दाखवायचा नाही. आयुष्यभर विद्यार्थ्याच्या मनातले ओळखून उत्तर पुरे करत आलेल्या शिक्षकाला हे जड जाते, पण मुलांना त्यात अपार मजा येते.

सगळ्याच चुका दुरुस्त करायच्या असतात, असेही नाही. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स हा खेळ तयार केला. त्यात शत्रूची अंतराळयाने जसजशी नष्ट होतात तसतशी उरलेली वेगाने सरकू लागतात. हे आधी ठरवलेले नव्हते. पडद्यावर काढायची याने कमी झाली की त्या काळच्या यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेली भराभर काढली जात. निशिकादोंनी ते तसेच ठेवले, आणि खेळाची सारी धाकधूक त्यातूनच आली. नातीचा तारा कधी वेडावाकडा पडू लागला, तर दुरुस्तीआधी तिला विचारावे की हे ठेवायचे का.

आता नातवाकडे वळू. त्याचा प्रश्न नातीच्या नेमका उलट आहे. ती चुकीला घाबरते आणि तो लहानपणाला लाजतो. तो खेळतो तसले शर्यतीचे खेळ शेकडो माणसे कित्येक वर्षे खपून करतात. हे त्याला सांगून उपयोग नाही, त्याला ते परावृत्त करण्यासाठीच सांगितले जात आहे असे वाटेल. त्याऐवजी त्याला पाँग ह्या जुन्या खेळाची गोष्ट सांगावी. १९७२ मध्ये अटारी ही व्हिडिओ खेळांची कंपनी नुकतीच निघाली होती. तिथे नव्याने आलेल्या ॲलन ॲल्कॉर्न या इंजिनियरला हात बसावा म्हणून एक सराव दिला गेला: दोन बाजूंना दोन फळ्या, मध्ये एक चेंडू आणि वर गुण. तो सराव इतका रंगतदार झाला की कंपनीने तोच बाजारात आणला आणि तो जगभर गाजला. दोन फळ्या आणि एक चेंडू बनवण्यात कमीपणा नाही, हे अकरा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या उपदेशापेक्षा ह्या गोष्टीतून अधिक पटेल.

मग त्याच्याशी सौदा करावा. शर्यतच करायची, पण आजच्या दिवसात जेवढी चालेल तेवढी. पहिल्या दिवशी एकच मोटार, बाणाच्या कळांनी डावीकडे-उजवीकडे सरकणारी. रस्ता नको, झाडे नकोत, आवाज नको. मोटार म्हणजे एक लाल चौकोन असला तरी चालेल. (मुले पहिला तासभर मोटारीला दिवे आणि पट्टे काढण्यात घालवतात. त्यातला थोडा वेळ द्यावा, कारण त्यातूनच ती मोटार त्यांची होते. पण आधी सरकेल, मग रंगेल, असा क्रम ठेवावा.) दुसऱ्या दिवशी समोरून, म्हणजे पडद्याच्या वरून, एक दुसरी मोटार खाली यायला हवी आणि खाली पोचली की पुन्हा वरून निघायला हवी. तिसऱ्या दिवशी धडक झाली की खेळ संपायला हवा. प्रत्येक दिवसाच्या अखेरीस खेळता येईल असे काहीतरी त्याच्या हातात असले पाहिजे.

हे वाचताना आपल्या लक्षात आले असेल की हा नातीचाच खेळ आहे. वरून वस्तू पडते, खाली एक वस्तू आडवी सरकते, आणि दोन्हींचा स्पर्श झाला का, हे तपासायचे. तिला झेलायचे आहे आणि ह्याला चुकवायचे आहे, एवढाच फरक. आपण हे त्याला मुळीच सांगू नये. समोरची मोटार दर वेळी त्याच जागेवरून येते, ती वेगवेगळ्या जागेवरून कशी आणायची, असे तो विचारेल तेव्हा 'बहिणीने तारे कसे आणले ते विचार' एवढे म्हणावे. आडवी जागा दाखवणाऱ्या एक्ससाठी उणे २०० ते २०० मधली कोणतीही संख्या निवडायला सांगणारा ठोकळा तिच्याकडे असेल. त्या दरम्यान पूर्णांक ४०० नसून ४०१ आहेत, हा वाद दोघांत लागला तर आपण पंच व्हावे.

व्हिडिओ बंद करू नयेत. पाहून उतरवणे वाईट नाही, आपणही फळ्यावरून उतरवूनच शिकलो. फक्त दोन अटी घालाव्यात. पूर्ण पाहायचा, बंद करायचा आणि मग करायला बसायचे, मध्ये थांबवून ठोकळ्याला ठोकळा लावायचा नाही. आणि झाल्यावर त्यात निदान तीन गोष्टी अशा बदलायच्या की खेळणाऱ्याला फरक कळला पाहिजे. तिसऱ्या बदलाशी येईपर्यंत काहीतरी मोडते, आणि तेव्हा त्याला तो कोड पहिल्यांदा खरोखर वाचावा लागतो.

दोघांना एकाच संगणकावर एकच खेळ करायला बसवू नये. एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने शेजारी बसून वाट दाखवायची, ही पद्धत मोठ्या माणसांत उत्तम चालते. अकरा आणि नऊ वर्षांच्या भावंडांत माउस दहाव्या मिनिटाला मोठ्याकडे जातो आणि तिथेच राहतो. खेळ दोन असावेत, पण प्रत्येकाचा खेळ दुसऱ्याने आधी खेळून पाहावा आणि तो मोडून दाखवावा. भावाचा खेळ मोडायला मिळणार म्हटल्यावर नात एकही रविवार चुकवणार नाही.

दोन तास फार होतात. पाऊण तास पुरे, आणि रविवारच्या दोन तासांऐवजी आठवड्यातून दोनदा पाऊण तास मिळाला तर अधिक बरे, कारण सात दिवसांत मुले काय करत होती तेच विसरतात. रंगात आलेले असतानाच थांबवावे. खेळ इतरांना दाखवण्यासाठी इंटरनेटवर टाकायचा असेल, तर खाते मोठ्यांच्या देखरेखीखाली उघडावे आणि त्यात मुलांचे खरे नाव, शाळेचे नाव किंवा छायाचित्र देऊ नये. तशी गरज वाटत नसेल तर स्क्रॅच इंटरनेटशिवायही संगणकावर बसवता येते आणि ते विनामूल्य आहे.

शेवटी रात्रीच्या त्या वेळेविषयी. मुले झोपल्यावर आपण संगणकापुढे बसता, आणि त्यात आपल्यालाही आनंद मिळत असणार. पत्र वाचताना मला तो जाणवला. तो सोडू नये. फक्त नातीची फाइल उघडण्याऐवजी आपला स्वतःचा एक खेळ सुरू करावा. गणिताचाच करावा, उदाहरणार्थ संगणकाने मनात १ ते १०० मधली एक संख्या धरायची, दर अंदाजाला 'मोठी' की 'लहान' एवढेच सांगायचे, आणि खेळणाऱ्याने ती सात प्रयत्नांत ओळखायची. सातच का, हे नातवाला शोधू द्यावे. हा खेळ दोन-तीन रात्रींत आपल्याकडून कुठेतरी अडेल. तसा तो अडला की संगणक बंद करून झोपावे, आणि सकाळी नातीला बोलावून सांगावे, 'माझे काहीतरी चुकते आहे, जरा बघतेस का?' ती शेजारी येऊन बसली की माउस तिच्याकडे देऊ नये. तिलाही वही घेऊन बसायला सांगावे, आणि आपल्याला काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे तिने आपल्याला विचारावे.